दुसऱ्या टाकीचं बूड

प्लांटमध्ये सगळे त्यांना टेस्टिंगबाई म्हणत. घरगुती गॅसचे सिलिंडर ठरावीक वर्षांनी तपासणीला येतात, ते तपासण्याचं काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. सिलिंडर आडवा पाडायचा, बूड बघायचं, छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, मग आत पाणी भरून पंचवीस किलोपर्यंत दाब द्यायचा. टिकला तर गळ्यावर नवी तारीख ठोकायची. नाही टिकला तर पोटात भोक पाडून भंगारात, म्हणजे कुणाला पुन्हा वापरायची बुद्धी व्हायला नको. त्या ठोकाठोकीत त्यांचा डावा कान गेला आणि मोठ्याने बोलायची सवय लागली.

निवृत्त झाल्यावर मोठ्याने बोलायला समोर कुणी उरलं नाही. लग्न राहून गेलं होतं. आई होती तोवर घरात कुरकुर तरी होती. आई जाऊन सहा वर्षं झाली. धाकटी बहीण दूरच्या शहरात. ती रविवारी न चुकता फोन करायची, पण बाईंना फोनवर नीट ऐकू येत नसे. "काय? काय म्हणालीस?" यातच अर्धा वेळ जायचा आणि बहीण बिचारी, "बरं, जेवलीस ना? ठेवते मग," म्हणून मोकळी व्हायची.

एकदा तर विजेचं मीटर ठणठणीत चालू असताना बाईंनी ते पळतंय अशी तक्रार लिहून दिली. माणूस आला, झाकण उघडलं, काहीतरी लावून बघितलं. "मीटर चोख आहे, मावशी," म्हणाला आणि पाच मिनिटांत चालता झाला. बाईंनी त्याच्यासाठी चांगले दोन कप घासूनपुसून बाहेर काढले होते. ते त्यांनी परत कपाटात ठेवले.

मग शेजारच्या बंद गाळ्यात पॉलिशवाला आला.

चाळिशी उलटलेला, काटकुळा, बोटांना कायम वार्निशचा पिवळा रंग. खुर्च्या-कपाटांना लॅकर मारायचं काम. मागच्या खोलीत बायकोसह राहायचा. बायको इस्पितळात नर्स होती, सकाळी जायची ती संध्याकाळी उगवायची. गाळ्याची आणि बाईंच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. कॉम्प्रेसर सुरू झाला की भांड्यांची मांडणी हलकेच थरथरायची. दुसऱ्या कुणी भांडण काढलं असतं. बाई उजवा कान भिंतीकडे करून भाजी चिरायला बसायच्या.

आठवड्याभरात त्यांनी ओळखलं की कॉम्प्रेसर फारच छोटा आहे. दोन मिनिटं चालायचा, थांबायचा, लगेच पुन्हा धापा टाकायला लागायचा. आणि एक दिवस भाजी घेऊन येताना त्यांना गाळ्याच्या दारात दोन जुने गॅस सिलिंडर उभे दिसले. पॉलिशवाला एकाच्या तोंडाशी पाना घेऊन झटत होता.

"अहो! काय करताय?" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की त्याच्या हातून पाना पडला.

"काही नाही हो ताई. टाकी करतोय हवेची."

"त्यात गॅस आहे का बघितलंत?"

"रिकामे आहेत. माझ्या आईच्या घरातले. किती वर्षं तसेच पडून होते." तो पाना उचलत म्हणाला. "माझ्या मशीनची टाकी एवढीशी, मधेच प्रेशर पडतं आणि लॅकरचे डाग उठतात. हे दोन जोडले की हवा साठून राहील. मोठी टाकी विकत घ्यायची तर... असो."

"रिकामा म्हणजे काय? वास घ्या त्याचा."

त्याने नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"हं," बाई म्हणाल्या. "आणि वेल्डिंग कुणाकडून करून घेणार होतात?"

"मीच."

"मग आज मी भाजी आणायला गेले हे तुमचं नशीब."

तो हसला. बाईही हसल्या. किती दिवसांनी कुणाबरोबर हसले, हा विचार तेव्हाच त्यांच्या मनात येऊन गेला. त्यांनी पिशवी दाराशी ठेवली आणि घरातून हातोडी आणली. आधी पहिल्या सिलिंडरला ठोकलं. टण्ण. लांब, स्वच्छ आवाज. मग दुसऱ्याला. आवाज निघाला, पण मधेच बसला, सर्दी झालेल्या माणसासारखा. त्यांनी तो आडवा पाडून बूड बघितलं. खालच्या कडीच्या आतल्या बाजूला, जिथे ओल साठून राहते तिथे, गंजाचे पापुद्रे धरले होते. नखाने एक सुटला. खाली पत्रा खड्ड्याखड्ड्यांचा.

प्लांटमध्ये असत्या तर मान न उचलता म्हणाल्या असत्या, "हा भंगार. पुढचा."

"काय म्हणता ताई?" पॉलिशवाल्याने विचारलं. "चालतील का?"

आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "बघावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

"असं आल्या आल्या सांगता येत नाही. टेस्टिंग म्हणजे टेस्टिंग असतं. तोवर हात लावायचा नाही."

"तुम्ही सांगाल तसं," तो म्हणाला, आणि विजेच्या शेगडीवर चहा ठेवला.

सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम होतं. बाईंनी ते तीन आठवडे पुरवलं.

सुरुवातीची कामं तरी खरी होती. सिलिंडर मोकळ्या जागेत नेऊन उरलासुरला गॅस जाऊ दिला, व्हॉल्व्ह काढले, दोन्ही पाण्याने काठोकाठ भरून ठेवले. "आता तीन दिवस असेच राहू देत," बाई म्हणाल्या. एक रात्र पुरली असती. चौथ्या दिवशी पाणी बदललं. सहाव्या दिवशी पुन्हा. मग त्यांनी त्याला दोन्हींचा रंग खरवडून काढायला लावला. मग पट्टी घेऊन घेर मोजला आणि वहीत आकडे लिहिले, जे कशालाच लागणार नव्हते. आईच्या औषधांची नोंद ठेवायची ती वही होती. मागची पानं कोरी होती.

जुगाड कसा करायचा हे मात्र त्यांनी मनापासून शिकवलं. "भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग तर अजिबात नाही. व्हॉल्व्हचं जे तोंड आहे त्यातूनच सगळं. सिलिंडर उलटा टांगायचा, तोंड खाली. त्याला चार तोंडांचा जोड बसवायचा. एकातून हवा आत, एकातून बाहेर, एकावर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि सगळ्यात खाली कॉक. हवेत पाणी असतं, ते आत साठतं. रोज संध्याकाळी कॉक उघडून पाणी काढायचं."

"हवेत पाणी असतं?"

"मग आईच्या घरातला सिलिंडर कशाने गंजला?" त्या बोलून गेल्या आणि जीभ चावली.

"गंजलाय का?"

"गंज कुठे नसतो हो. बघू."

तो बोलका होता. हाताने ब्रश मारता मारता बोलायचा, कारण डाग उठतात म्हणून लॅकर फवारायची गन बंद ठेवली होती. आईच्या घराविषयी बोलायचा: ती एकटीच राहायची, याला महिन्यातून एकदा जायला जमायचं, एकदा गेला तेव्हा दोन दिवस उशीर झालेला होता. "हे दोन सिलिंडर आणि एक आरसा, एवढंच आणलं मी. बाकी भावाने घेतलं," तो म्हणाला. त्याही मग प्लांटच्या गोष्टी सांगायच्या. सुपरवायझरच्या टोपीत पाल सापडल्याची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. दुसऱ्यांदाही तो हसला. आधी ऐकल्याचं त्याने दाखवलं नाही. बाईंना ते कळलं आणि घरी आल्यावर त्या कितीतरी वेळ त्यावर खूश होत्या.

त्या सकाळी लवकर उठून केस विंचरायला लागल्या. रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, "मला जरा काम आहे, एक टेस्टिंग चालू आहे." बहिणीला वाटलं ताईला नोकरी लागली.

त्याचं नुकसान होतंय हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. एका शाळेच्या कपाटांचं काम आलं होतं, चोवीस कपाटं. ब्रशने ती कधी होणार? तो रोज विचारायचा, आधी सहज, मग थोडं अडखळत, जसं मोठ्या माणसाला विचारतात.

"ताई, आज होईल का?"

"आज कसं होईल? पंपाचा वायसर वाळलाय. तेलात भिजत घातलाय."

पंप त्यांचाच होता, हाताने दाबायचा, टेस्टिंगचा. प्लांटने मोडीत काढला तेव्हा त्यांनी मागून घेतला होता. वायसर ठीक होता.

रोज घरी परतताना त्या स्वतःला बजावत, उद्या सांगून टाकू. एक चांगला आहे, एक टाकून दे, एवढं तर म्हणायचं. आणि दुसऱ्या दिवशी तो स्टूल पुसून पुढे करायचा, "बसा ताई," आणि जिभेवर आलेलं परत आत जायचं. सांगितलं की टाकी बसणार, गन सुरू होणार, शटर अर्ध्यावर ओढलं जाणार. लॅकर मारताना धूळ चालत नाही, कुणी आत बसलेलं तर नाहीच नाही.

एकविसाव्या दिवशी दुपारी बाई कपडे वाळत घालून आत आल्या, तर मांडणी थरथरत होती.

कॉम्प्रेसर. असेल, छोटी टाकी भरत असेल. दोन मिनिटं झाली. तीन. पाच. कॉम्प्रेसर थांबेना. बाईंनी उजवा कान भिंतीला लावला. एकसुरी, शांत, दमदार. मोठ्या पोटात हवा जाते तेव्हाचा आवाज. त्या तशाच, पायात काही न घालता, बाहेर धावल्या.

पॉलिशवाला आत उभा होता. कोपऱ्यात लोखंडी चौकटीत एक सिलिंडर उलटा टांगलेला, सगळे जोड नीट बसवलेले, बाईंनी शिकवले होते अगदी तसे. आणि उलट्या टांगलेल्या त्या सिलिंडरचं बूड वर होतं, खरवडलेलं, खड्ड्याखड्ड्यांचं. दुसरा. गेजचा काटा सहाच्या पुढे गेला होता.

"ताई, बघा की, एक थेंब गळत नाहीये! साबणाचं पाणी लावून—"

"बाहेर व्हा!"

"अहो पण—"

"आधी बाहेर!"

दाराजवळच्या मेन स्विचवर त्यांनी हात मारला. कॉम्प्रेसर थांबला. त्याचा दंड धरून त्यांनी त्याला बाहेर ओढलं. सिलिंडरजवळ जायचं नाही, एवढं एकतीस वर्षांत अंगात मुरलेलं होतं. लांब नळीच्या टोकाला असलेली गन दाराशी खिळ्यावर लटकत होती. ती त्यांनी हात लांब करून काढली, भिंतीच्या आडोशाला आल्या, नळी मागोमाग ओढली आणि घोडा दाबून धरला. गनच्या कपात लॅकर होतं. समोरच्या कंपाउंडवर पांढरा फवारा बसला, मग ओघळ यायला लागले, मग नुसती हवा.

हवा सुटण्याचा आवाज मोठा होता. दोघं भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी उभे.

"काय झालं काय?" त्याने विचारलं.

"काय?" बाईंच्या उजव्या कानाशी गन सूं सूं करत होती.

"काय झालं, म्हणतो!" तो ओरडला.

"तो खराब आहे!" बाईही ओरडल्या. "बूड खाल्लंय गंजाने!"

"कधी कळलं?"

हा प्रश्न त्यांना नीट ऐकू आला. ऐकू आला नाही असं दाखवता आलं असतं. कानाचं निमित्त आयतं होतं. बाईंनी घोडा तसाच दाबून धरला.

"पहिल्या दिवशी!" त्या म्हणाल्या.

"पहिल्या दिवशी?"

"ठोकला तेव्हाच! एक चांगला आहे, एक भंगार! अर्ध्या दिवसाचं काम होतं!"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. गल्लीतून सायकलवरून चाललेला एक माणूस पांढऱ्या भिंतीकडे आणि या दोघांकडे बघत बघत पुढे गेला.

"मग तीन आठवडे कशाला...?"

हवा संपत आली होती, आवाज उतरत गेला होता, त्यामुळे पुढचं बाईंना ओरडून सांगावं लागलं नाही.

"तुम्ही स्टूल द्यायचात बसायला," त्या म्हणाल्या. "म्हणून."

गन फुसफुसली आणि थांबली.

मग आत जाऊन त्याने गेज बघितला. शून्य. त्याने पाना घेतला आणि सिलिंडर सोडवायला लागला. बाई दाराशी उभ्या राहिल्या. जावं की थांबावं, त्यांना समजेना.

"टेस्ट करू या," तो मागे न वळता म्हणाला. "आत्ता. मला बघायचंय."

दोघांनी सिलिंडर पाण्याने भरला, पंप जोडला. बाई दांडा दाबत गेल्या, तो गेज वाचत गेला. "पाच. सहा." सहाला त्याने एकदा बाईंकडे बघितलं. "सात. आठ." आठवर त्याचा कॉम्प्रेसर बंद व्हायचा. "नऊ. दहा." अकराचा आकडा त्याच्या तोंडून पुरता बाहेर पडायच्या आत बुडातून 'धप्प' असा आवाज आला, गोणी पडावी तसा, आणि पाणी दोघांच्या पायांवरून वाहून गेलं. कडीच्या आत बोटभर लांबीची चीर पडली होती.

"एवढंच?" तो हळूच म्हणाला.

"पाणी होतं म्हणून एवढंच. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फुटलं की संपलं. हवा दाबून बसलेली असते. ती फुटली की पत्रा घेऊन उडते."

"पण अकराला फुटला. मी तर आठच्या पुढे जाणार नव्हतो."

"आज अकराला. रोज भरायचा, रोज रिकामा करायचा, आतून ओल. महिन्याने आठला फुटला असता. कदाचित आजच सातला, कोण सांगणार? मी सांगितलं नसतं तर..." त्या थांबल्या. "मी सांगितलंच नव्हतं."

त्याने चिरेत नख घालून बघितलं. आईच्या घरून आणलेला सिलिंडर होता तो. त्याने तो उचलला, मागच्या अंगणात नेऊन ठेवला आणि हात पुसत आला.

"आणि पहिला?"

पहिला पंचवीसला पाव तास टिकला. काटा हललासुद्धा नाही. बाईंनी खडूने त्यावर तारीख लिहिली. संध्याकाळ व्हायच्या आत टाकी चौकटीत बसली, हवा भरली, सेफ्टी व्हॉल्व्ह नवावर उडतो का तेही बघून झालं. सगळं व्यवस्थित झालं. चहा झाला नाही.

निघताना बाई म्हणाल्या, "माझं चुकलं."

"हो," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "धावत आलात, पायात काही नव्हतं. ते बघितलं मी." आणि शेवटी, दार लावता लावता, "बरंय, मॅडम."

ताई नाही, मॅडम. बाईंनी घरी येऊन पाय धुतले. टाचेत काच घुसली होती, ती काढली. मग ओट्याशी उभं राहून बराच वेळ त्या एका शब्दाचा विचार करत राहिल्या. शिवी दिली असती तर भांडता तरी आलं असतं.

चोवीसपैकी सोळा कपाटांचं काम शाळेने तोवर दुसऱ्याला दिलं होतं, हे त्यांना त्याच्या बायकोकडून कळलं. तिने रागाने नाही, आपलं सहज सांगितलं, नळावर पाणी भरताना. तिला बहुधा खरी गोष्ट माहीत नव्हती. नवऱ्याने घरी सांगितलं नव्हतं, हे बाईंना जास्तच लागलं.

पुढे तसं काही वाईट झालं नाही. पॉलिशवाला गल्लीत दिसला की मान हलवायचा. "ठीक, मॅडम?" "ठीक." शटर अर्ध्यावर असायचं. कॉम्प्रेसर आता क्वचित चालायचा, चालला की लांब आणि शांत, आणि मांडणी दिवसातून एखाद्या वेळीच थरथरायची. काम चांगलं झाल्याची ती खूण होती. बाई स्वयंपाकघरात बसल्या की भिंतीपलीकडून आता फारसं काही कळायचं नाही. दोनदा त्या शटरपर्यंत जाऊन परत आल्या. रविवारी बहिणीने विचारलं, "टेस्टिंग कसं चाललंय?" त्या म्हणाल्या, "संपलं." "काय?" बहीण म्हणाली, या वेळी तिलाच ऐकू आलं नव्हतं.

दीड महिन्यांनी एका सकाळी दार वाजलं. पंक्चर काढणारा होता, दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान. घामाघूम.

"टेस्टिंगबाई तुम्हीच ना? माझ्याकडे एक टाकी आहे, जुन्या सिलिंडरची. चार वर्षं वापरतोय. पॉलिशवाले म्हणाले, आधी बाईंना दाखव, मगच हवा भर."

"ते म्हणाले?"

"म्हणाले, त्या ठोकल्या ठोकल्या सांगतात."

बाई क्षणभर दाराला धरून उभ्या राहिल्या. मग हातोडी घेतली, चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर निघाल्या. वाटेत तो बायको, दुकान, गुडघेदुखी असं बरंच काही सांगत होता. बाईंनी उजवा कान त्याच्याकडे ठेवला होता. दुकानात पोचल्यावर त्याने स्टूलवरचे टायर बाजूला केले. "बसा की. थंड काही मागवू?"

"आधी टाकी," बाई म्हणाल्या.

हवा सोडायला लावली. एकदा ठोकलं, दोनदा ठोकलं. खाली वाकून बुडावरून बोट फिरवलं. दहा मिनिटंही झाली नव्हती.

"भंगार," त्या म्हणाल्या. "आजपासून हिच्यात हवा भरायची नाही. भोक पाडून टाका, माझ्यासमोर."

त्याने कुरकुर केली, पण ड्रिल आणून भोक पाडलं. बाईंनी ते बघितलं, खाली पडलेला कीस पायाने बाजूला सारला.

"एवढ्यात निघालात? बसा तरी."

"नको. माझं काम झालं," बाई म्हणाल्या आणि घराकडे वळल्या. अकरा वाजत होते. पुढे सगळा दिवस पडला होता.